पदक नको, हिशेब द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'रविवारी सकाळी रस्ते अडवून पळायचे आणि वर पूरग्रस्तांसाठी धावतो म्हणून मिरवायचे,' अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. हिवाळा लागला की कोल्हापुरात ज्या मॅरेथॉन स्पर्धा भरतात, त्यांच्यावर पत्रलेखकाचा रोख होता. मी अशाच एका गटातून धावते. वय साठीच्या पुढे, आणि वेग कोणी विचारू नये असा. तरी त्या पत्रातला अर्धा भाग मला पटला. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिते आहे.

आधी पटलेले सांगते. दहा किलोमीटरच्या स्पर्धेची फी आता हजाराच्या घरात गेली आहे. त्यात टी-शर्ट, पदक, टायमिंग चिप, मंडप, स्पीकर, रुग्णवाहिका आणि शेवटी उपमा-केळी. ही बिले भागवली की फीमधून हाती फारसे काही उरत नाही. प्रायोजक दमदार असेल तरच चार पैसे मागे राहतात. मग बॅनरवर 'पूरग्रस्तांसाठी' कशाच्या जोरावर लिहायचे? मुंबई मॅरेथॉनमध्ये धावण्याची फी वेगळी असते, सामाजिक संस्थांसाठी धावपटू जो निधी गोळा करतात तो वेगळा, आणि कोणत्या संस्थेसाठी किती जमले ते नंतर जाहीर होते. आपल्याकडे मोठ्या आकड्याचा धनादेश हातात धरून फोटो निघतो आणि विषय संपतो. फोटोतला आकडा कुठून आला आणि कुठे गेला, हे विचारणारा तेवढा वाईट ठरतो.

पण पत्रलेखकाने पुढे जे म्हटले आहे, की या मंडळींचा पुराशी संबंध बॅनरपुरताच, ते मान्य नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये ५६ च्याही वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. उपसा केंद्रे बुडाल्यामुळे शहराच्या तिन्ही बाजूंना पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही, अशी गत झाली. टँकर गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींची घागर कोण भरणार?

इथे आमच्या स्पर्धांचा उपयोग झाला, आणि तो आम्हालाही आधी सुचला नव्हता. स्पर्धेत दर दोन-अडीच किलोमीटरवर आम्ही पाण्याचे टेबल लावतो. कुठल्या टेबलावर किती कॅन, कोण कधी उभे राहणार, गाडी कुठून वळणार, पाणी संपत आले की कोणाला फोन करायचा, याची यादी तयार असते. पुरात तीच यादी उघडली आणि मार्गाच्या जागी गल्ल्यांची नावे टाकली. स्पर्धेत सगळ्यांत शेवटी चालणाऱ्या माणसाच्या मागे आमच्यातला एक जण ठरलेला असतो. त्याला स्वीप म्हणतात, आमच्यात शेपूट. मार्गावर कोणी मागे राहिले नाही अशी त्याची खात्री झाल्याशिवाय टेबले उचलायची नाहीत. पाणी वाटून झाले की हे शेपूट प्रत्येक जिना चढून दारे वाजवत फिरायचे. पंपाची मोटर बंद, लिफ्ट बंद, वीस लिटरचा कॅन खांद्यावर आणि तोंडाने 'मावशी, भांडं आणा' अशी हाळी. टेकडीवर पळण्याचा सराव खऱ्या अर्थाने कामी आला तो तिथे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पाण्यातून माणसे बाहेर काढायचे काम एनडीआरएफ, व्हाईट आर्मी हे इथले स्वयंसेवकांचे पथक आणि तालमीच्या पोरांनी केले. आमच्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही. मॅरेथॉन पळणारा पुराच्या पाण्यातही टिकेल, अशी उगाच एक समजूत असते. त्याला तिथे उतरू देऊ नये, नाहीतर वाचवायची माणसे एकाने वाढतात.

आमचे काम पाणी उतरू लागल्यावर. गाळ ओला आहे तोवर आणि उतरत्या पाण्याबरोबरच मागे लोटावा लागतो. वाळला की फरशीला असा धरतो की खरवडून काढावा लागतो. भिजलेली कापसाची गादी चौघांशिवाय हलत नाही. फ्रिज पाठीवर पडलेला, डब्यातले पीठ आंबलेले, आणि त्या सगळ्याचा एक वास, जो दोन आंघोळींनीही जात नाही. खोरे, घमेले, खराटा आणि गमबूट असल्याखेरीज आत पाऊल टाकायचे नाही. गटातल्या डॉक्टरांची पहिली अट तर धावणाऱ्यांसाठी फारच जाचक होती. ज्याच्या पायाला फोड किंवा जखम असेल त्याने आत यायचे नाही, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाची भीती. आता धावणाऱ्याच्या पायाला फोड नाही असे कधी होते का? बूट काढून डॉक्टरांना पाय दाखवायला रांग लागली. नापास झालेल्यांना याद्या करायला आणि चहा द्यायला बसवले.

ही माणसे बोलावल्यावर येतात कशी, हे आमच्या रविवारांत आहे. पहाटे पाचला विद्यापीठाच्या गेटवर जमायचे, कोणी आले नाही तर फोन करून उठवायचे, राजारामपुरीतून रंकाळ्याकडे आणि मग कात्यायनीच्या वाटेला. शेवटी गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास नाहीतर मिसळ. धावून कमावलेले सगळे तिथेच परत करायचे. दक्षिण आफ्रिकेतली नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत पळून आलेला आमच्यात आहे, आणि दुसऱ्याचे जुने बूट घालून त्याच्या पुढे पळणारा रिक्षावालाही आहे. मला सगळे काकू म्हणतात. साहेब मात्र कोणी कोणाला म्हणत नाही. पेठांमधल्या तालमींना हे नवे नाही. लाल मातीत एकत्र घाम गाळणारी पोरे महापुरात, लग्नात आणि मयतीला एका हाकेला येतात. आमचा गट ही उपनगरातल्या, नोकरीनिमित्त इथे आलेल्या आणि कुठल्याच पेठेच्या नसलेल्या लोकांची तालीम आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर येऊन सोलापूर आणि धाराशिवकडची शेते खरवडून गेली, तेव्हा हा अनुभव उपयोगी पडला. २०१९ ला आपल्याकडे मदतीबरोबर जुन्या कपड्यांचे ढीगही आले होते. एकाच पायाची चप्पल, जरीची फाटकी साडी, लहान मुलांचे कोट. ते निवडण्यातच स्वयंसेवकांचे दिवस गेले. म्हणून या वेळी आधी परांड्याकडच्या ओळखीच्या शिक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, माणसांचे कसेतरी भागते आहे, जनावरांच्या पुढ्यात काही नाही. मग मुरघास आणि पशुखाद्याची पोती गेली. एका प्रायोजकाने स्पर्धेचे उरलेले, स्वतःच्या नावाचे टी-शर्ट गाडीत घाला म्हणून फार आग्रह धरला. ते अजून एका सभासदाच्या गॅरेजमध्ये पडून आहेत. म्हशीला टी-शर्ट घालायचा कसा, हे त्यांनी सांगितले तर पाठवू.

आता दोन मागण्या. आयोजकांनी नावनोंदणीच्या अर्जातच 'टी-शर्ट व पदक नको, तेवढी रक्कम मदतनिधीला' असा पर्याय ठेवावा. माझ्या घरी दाराच्या खुंटीवर पदकांचा जो गुंता झाला आहे, त्यात आणखी एकाची भर पडली नाही तर काही बिघडत नाही. आणि स्पर्धा झाल्यावर महिन्याच्या आत जमा-खर्च छापावा. आपण त्यासाठी अंकात चार ओळींची जागा द्यावी. ज्यांचा हिशेब येणार नाही, त्यांच्या पुढच्या बॅनरवर 'पूरग्रस्तांसाठी' हे शब्द दिसले की पत्रलेखकाने पुन्हा लिहावे. मीही खाली सही करीन.

दुसरी मागणी प्रशासनाकडे. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढाव्याची बैठक होते. तालमी आणि मंडळांबरोबर धावणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या गटांनाही तेव्हाच बोलवावे. बोटीवर नेऊ नये. पाणी, याद्या आणि गाळ, एवढेच आमच्याकडे द्यावे, आणि कोणत्या गटाकडे कोणता भाग हे तेव्हाच ठरवून टाकावे. जुलैत पाणी चढू लागल्यावर सुतारवाड्यातली कुटुंबे चित्रदुर्ग मठात हलवावी लागतात. त्या दिवशी फोन नंबर शोधत बसायला कोणाला वेळ नसतो.

राहिला रस्ते अडवण्याचा मुद्दा. तो रास्त आहे. रुग्णालयांकडे जाणारा रस्ता स्पर्धेच्या मार्गात घेऊच नये आणि बाकीचे रस्ते आठच्या आत मोकळे करावेत, असे आमच्या गटाने आयोजकांना लेखी कळवले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर