गवत कापायच्या यंत्रांना तेलपाण्याचा निधी द्या

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

पॉवर टिलर, फवारणी पंप आणि मैदानांवरची गवत कापायची यंत्रे दुरुस्त करणे हा माझा धंदा. क्रीडासंकुलांतून माझ्याकडे येणारी कित्येक यंत्रे वयाने तरुण असतात, उपाशी मारलेली. नट खोलला की तेलाच्या जागी डांबर. छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल साधारण दर 50 तासांनी बदलायचे असते, धुळीत त्याआधीच. एअर फिल्टर 25 तासांनी साफ करायचा. पण तास मोजतो कोण? डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे संकुलाच्या सामानाच्या नोंदवहीत, यंत्राची किंमत सापडते, ते किती तास चालले हे नाही.

पात्याचे तर विचारूच नका. बोथट पाते गवत ओरबाडते. दोन-तीन दिवसांत शेंडे पांढरे पडतात, फाटलेल्या टोकांतून पावसाळ्यात बुरशी शिरते, आणि मैदान पिवळे दिसले की वर युरिया टाकला जातो! धार लावताना एकच बाजू जास्त घासली तर पात्याचा तोल जातो, यंत्र थरथरते आणि शेवटी स्पिंडलचे, म्हणजे पाते फिरवणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग जाते. क्रिकेटच्या मैदानावरचे रीळवाले यंत्र आणखी नाजूक. फिरते रीळ आणि खालचे स्थिर पाते यांत कागदाची पट्टी धरावी. ती पूर्ण रुंदीत स्वच्छ कापली गेली पाहिजे. कुणी शिकवले तर माळीसुद्धा ही परीक्षा मिनिटभरात घेईल.

त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. ते ओलावा ओढते. उन्हाळाभर टाकीत तसेच राहिले की जूनमध्ये, गवत तरारून वर येते नेमके तेव्हाच, कार्बोरेटर तुंबलेला.

नव्या यंत्राची खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होते, फोटोही निघतो. स्पार्क प्लग मात्र माळ्याने स्वतःच्या खिशातून आणलेला मी पाहिला आहे. बेअरिंगपायी अडलेले यंत्र कोपऱ्यात गंजते आणि निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत जाते.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक यंत्राला अवर मीटर आणि एक वही द्या. खरेदीच्या आदेशातच फिल्टर, बेल्ट आणि जादा पाती धरा. सर्व्हिसिंग मे महिन्यातच उरका, आणि किरकोळ खर्चाचा अधिकार संकुलाच्या पातळीवर ठेवा. माळ्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्या. पात्याला हात लावण्याआधी प्लगची वायर काढायची, हा पहिला धडा. तो शिकवायला मी फुकट येईन.

आपला,
एक मेकॅनिक