विजेच्या कुकरबद्दल, बडोद्याला

बंगळूर, रविवार दुपार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "तोंडी नको, लिहून पाठव, म्हणजे हिला वाचून दाखवता येईल." त्यावर आई मागून म्हणाली, "मला वाचता येतं." तेव्हा हे पत्र दोघांनाही आहे. बाबांनी आपल्या प्रश्नांची उत्तरं वाचावीत आणि आईने तिच्या शंकांची.

आत्याला तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला विजेचा प्रेशर कुकर द्यायचाय, बाबांना तो हवाय आणि आईला नकोय, एवढं मला कळलंय. माझ्याकडे तो बरीच वर्षं आहे नि रोज वापरात आहे, म्हणून माझं मत विचारलंत. आधीच सांगून टाकतो, वेळ वाचेल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. जाहिरातीत जी दहा मिनिटं दाखवतात, ती आत वाफ कोंडल्यावर सुरू होतात. त्याआधी भांडं तापून वाफ धरायला दहा-बारा मिनिटं जातात, आणि शिजून झाल्यावर वाफ आपोआप जिरायला पंधरा-वीस. आईचा गॅसवरचा कुकर वरण-भात, बटाटे असं सगळं मिळून त्याच्या आधी उतरतो. त्याचं कारणही आहे. गॅसच्या कुकरची शिट्टी साधारण 100 किलोपास्कल दाबाला उचलली जाते, तेव्हा आत 121 अंशांच्या आसपास तापमान असतं. विजेचे बहुतेक कुकर 70-80 किलोपास्कलवरच थांबतात, म्हणजे 115-117 अंश. चार-पाच अंशांनी काय होतं असं वाटेल, पण हरभऱ्याला विचारा. शिवाय बंगळूर नऊशे मीटर उंचीवर, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यात पाणी 97 अंशांनाच उकळतं आणि कुकरमध्येही आकडा थोडा खालीच राहतो. बडोदं जवळजवळ समुद्राच्या पातळीला. तेव्हा माझ्या वेळांतून मिनिट-दोन मिनिटं कमी करायला हरकत नाही.

मग घ्यायचा कशाला? तर त्याला शिट्टी नाही म्हणून.

आई, रागावू नकोस. दिवाळीत मी आलो होतो तेव्हा तुमची रोजची कवायत पाहिली. तू ओट्यापाशी कोथिंबीर निवडतेयस, बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचताहेत आणि तिथून ओरडताहेत, "दुसरी!" मग तू मिक्सर लावलास. मिक्सर थांबल्यावर तू विचारलंस, "किती झाल्या?" बाबा म्हणाले, "बहुतेक चार." बहुतेक! त्या दिवशी डाळ बोटचेपी राहिली आणि भाताचा लगदा झाला. हे चालून जाईल. पण गेल्या महिन्यात खालचं पाणी आटून सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, हे मला समोरच्या काकूंकडून कळावं? तुम्ही दोघंही त्याबद्दल अक्षर बोलला नाहीत. कानाचं मशीन कपाटात ठेवून तू स्वयंपाक करतेस हेही त्यांनीच सांगितलं. मशीनमध्ये भांड्यांचा खणखणाट फार मोठा येतो ही तुझी तक्रार खरी आहे, मी वाद घालत नाही.

विजेचा कुकर शिजवून झालं की बीप वाजवतो. तो बीप तुला ऐकू येणार नाही, कारण वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाजच जातात. पण मुद्दा असा की तो ऐकू यायची गरजच नाही. वेळ भरली की हीटर आपण होऊन बंद होतो. वाफ जिरेपर्यंत झाकण फिरत नाही. झाकणावरची छोटी पिन खाली बसली की उघडायचं, वर असली की नाही. हे डोळ्यांनी कळतं आणि डोळे तुझे अजून माझ्यापेक्षा बरे आहेत. ओतू जाऊन ज्योत विझली आणि गॅस सुटत राहिला, ही भानगडही नाही. मे महिन्यात तुमच्या स्वयंपाकघराची जी भट्टी होते, त्यात तेवढी एक शेगडी कमी.

आता डबे. आईचा खरा आक्षेप हाच आहे, आणि तो अगदी बरोबर आहे. हा कुकर ज्यांनी बनवला त्यांच्या डोक्यात एक भांडं आणि एक पदार्थ होता. आपल्याकडे कुकर लावायचा म्हणजे खाली वरण, वर भात, त्यावर वाटीत बटाटा नाहीतर बीट. सहा लिटरच्या भांड्यात दोन डबे बसतात, पण आजीच्या वेळचे कानवाले पितळी डबे बसायचे नाहीत, कान कडेला अडकतात. सरळ कडेचे स्टीलचे डबे लागतील. तळाशी जाळी आणि दीड वाटी पाणी. डाळ अर्धा तास भिजवलेली हवी, कारण डब्यातल्या डाळीला उष्णता उशिरा पोचते. मी खाली तूरडाळ, वर तांदूळ ठेवून बारा मिनिटं लावतो आणि वाफ आपोआप जिरू देतो. डाळ घोटायचीही गरज राहत नाही. मात्र तांदूळ सुटा, थेट भांड्यात शिजवायचा असेल तर पाणी बेताचं घाला. यात शिजताना वाफ जवळजवळ बाहेर जातच नाही, त्यामुळे तुझं नेहमीचं दुप्पट पाणी घातलंस तर जीरासर तांदळाचीही पेज होईल.

खरी मजा कडधान्यांत आहे. सेव-उसळीचे वाटाणे रात्री भिजवून सकाळी टाकले की तू बाबांबरोबर निवांत खंडेराव मार्केटला जा, परत येईपर्यंत ते शिजून गरम राहिलेले असतात. गॅसवर कुकर ठेवून तू कधी घराबाहेर पडली आहेस? छोले, वाल, पुरणाची हरभऱ्याची डाळ, सगळं असंच. भांडं मात्र अर्ध्याच्या वर भरायचं नाही. डाळी-कडधान्यांना फेस येतो, तो व्हॉल्व्हमध्ये अडकतो. एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. यात मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं बटण असतं. त्यावर राजमा कधीही शिजवू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते सडकून उकळल्यावरच जातं. मंद आचेवर ते तसंच राहतं आणि उलट्या होतात. राजमा नेहमी प्रेशरवरच.

रात्री भरून ठेवायचं आणि पहाटे आपोआप सुरू करायचं, अशीही सोय आहे. बाबांना ती फार आवडेल हे माहीत आहे. पण एप्रिल ते जून बडोद्यात ती वापरायची नाही. त्या उकाड्यात भिजवलेले हरभरे सकाळपर्यंत आंबतात. दुधाचं काही तर त्यात अजिबात ठेवू नका.

बाबा, आता तुमचं बिल. सहा लिटरचा कुकर साधारण 1000 वॅटचा असतो. तासभर सलग चालला तर एक युनिट. पण तो सलग चालत नाही, वाफ धरली की हीटर मधूनमधूनच लागतो. मी प्लगला लावायचं छोटं मीटर आणलंय, त्यावर एका वेळच्या वरण-भाताला पाव युनिटाच्या थोडं वर जातं. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा, चहाच्या कपाएवढेही पैसे होत नाहीत. तरी तुमच्याकडे पाइपचा गॅस आहे, सिलिंडर संपायची धास्ती नाही, तेव्हा पैसे वाचतील असं मी म्हणणार नाही.

वायरिंगचं मात्र बघावं लागेल. 1000 वॅट म्हणजे सव्वाचार अँपिअरच, साधा प्लग तेवढं सोसतो. पण दांडिया बाजारच्या घरातलं ओट्यावरचं ते सॉकेट आजोबांच्या काळातलं आहे आणि त्याला अर्थिंग आहे की नाही हे देव जाणे. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घेतल्याशिवाय खोकं उघडू नका. एक्स्टेन्शन बोर्ड लावून तर नाहीच. आणि वीज गेली की हा कुकर म्हणजे नुसतं जड पातेलं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहरात कितीतरी ठिकाणी वीज नव्हती, ते दिवस आठवा. म्हणून गॅसवरचा कुकर माळ्यावर टाकायचा नाही, मोडीत तर मुळीच द्यायचा नाही.

आणखी काही तापदायक गोष्टी आहेत. सहा लिटरचा कुकर रिकामाच पाच-सहा किलो भरतो. आईने तो उचलायचा नाही. एकदा ओट्यावर ठेवला की तिथेच, आतलं भांडं तेवढं काढायचं. भांडीवाल्या बेनना पहिल्याच दिवशी समजावून सांगा की आतलं भांडं आणि झाकण घासायचं, बाहेरचा डबा मोरीत न्यायचा नाही. त्याच्या तळाला वीज आहे. इथे आमच्याकडे एकदा तो नळाखाली जाता जाता वाचला. झाकणातलं सिलिकॉनचं रबर वास धरतं. लसणाच्या उसळीनंतर त्यातच तांदळाची खीर केलीत तर बाबा बोलून दाखवतील. दोन रबरं ठेवा, एक तिखटाला, एक गोडाला, आणि वर्षा-दीड वर्षाने बदला. गॅसच्या कुकरचं रबर नि शिट्टी मंगळ बाजारात हातोहात मिळते. याचं सर्किट बिघडलं तर सर्व्हिस सेंटर, आणि तिथले फेरे. माझ्या पहिल्या कुकरचं बटणांचं पॅनल वॉरंटी संपल्यावर गेलं. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी नवाच घेतला.

फोडणीचं विचारलं होतंस. त्यात परतायची सोय आहे, पण तेल तापेपर्यंत आपलं मन थंड होतं. मोहरी तडतडत नाही, कुरकुरते. फोडणी कढल्यात, गॅसवरच. पिठलं, भाकरी, कांद्याची परतलेली भाजी, यांतलं काही यात करायला जाऊ नकोस.

व्हॉल्व्ह फिरवून एकदम वाफ सोडता येते. तुम्ही दोघांनी ते कधीच करू नका. सांडशीने शिट्टी उचलायची तुझी सवय मला माहीत आहे. यातून वाफेचा झोत सरळ वर येतो, डाळ असेल तर पिवळं पाणीही. पिन खाली बसेपर्यंत थांबायचं, बस्स. बटणं खूप आहेत आणि सगळी इंग्रजीत, बारीक अक्षरांत. तुम्हाला लागणार दोनच, प्रेशर आणि बंद. त्या दोघांवर आईची एकेक टिकली चिकटवा, लाल नि हिरवी. बाकीची नाहीत असं समजा.

आत्याला सांगताना ब्रँडपेक्षा तीन गोष्टी सांगा. आतलं भांडं स्टीलचं हवं, नॉनस्टिकवर डबे सरकले की ओरखडे उठतात. आयएसआय चिन्ह हवं, आणि बडोद्यात सर्व्हिस सेंटर हवं. तीन लिटरचा हलका पडतो, दोघांना पुरतोही, पण त्यात डबे बसत नाहीत. तेव्हा आईला डबे लावायचे असतील तर सहाचा, नुसत्या उसळींसाठी हवा असेल तर तीनचा. हे तिने ठरवायचं. बाबा, तुम्ही नाही. रोज वाढताय तुम्ही, रांधतेय ती. तिने नको म्हटलं तर आत्याकडून मिक्सर घ्या आणि शिट्ट्या मोजायला टायमर, पण मग कानाचं मशीन स्वयंपाकघरात कानातच हवं, एवढी माझी अट.

पुढच्या रविवारी फोन करतो. तोवर बाबांनी दोन मापं घेऊन ठेवा: ओट्यापासून वरच्या फळीपर्यंत किती इंच आहे (दीड फूट तरी हवं, नाहीतर वाफेने फळी फुगेल), आणि आईच्या स्टीलच्या डब्यांचा व्यास. टेप शिवणाच्या डब्यात आहे.

तुमचा,
धाकटा