तलावाकाठी टॉवर बांधा, पण बाग काठावर ठेवा

संपादक साहेब,
तलावाला लागून फ्लॅटचा टॉवर अन् बाजूला पब्लिक पार्क, अशी डिझाइनं दाखवून राहिले, दिसायला छानच आहेत, पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीचं पाणी घरात घुसलं ते आम्ही विसरलो नाही. आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अजून गाळाची रेघ आहे. म्हणून काठाची जागा बागेलाच द्या, तीही खोलगट, म्हणजे पावसाचं पाणी तिथं थांबेल, जिरेल, टॉवर मागे सरकवा अन् तळघरात पार्किंग नकोच. आणि बागेचं गेट रस्त्यावरून पाहिजे, सोसायटीच्या वॉचमनला विचारून आत जायचं असेल तर ते पब्लिक पार्क कसलं?

– एक वाचक, नागपूर