वहीतील एका दशांशचिन्हाबद्दल सरांना पत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

जुलैमधील त्या पावसाळी सकाळी आपण माझी सरावाची वही मागून घेतली, पाने उलटली आणि ‘६.३०’ या आकड्यातील दशांशचिन्हाभोवती पेन्सिलने लहानसे वर्तुळ काढले. पाच आठवडे दुखत असलेल्या माझ्या नडगीचा त्या वर्तुळाशी काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. मी आपले आभार तोंडी मानले होते, पण ते मला अपुरे वाटत राहिले. शिवाय घड्याळ पाहून धावणाऱ्या आणखी कोणाच्या वहीत तेच चिन्ह असेल, तर आपले म्हणणे त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

यवतेश्वरच्या घाटात पावसामुळे धावणे अवघड झाल्यावर मी व्यायामशाळेतील ट्रेडमिलवर सराव सुरू केला होता. माझे घड्याळ पेस दाखवते, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटे लागली ते. ट्रेडमिल मात्र तासाला किती किलोमीटर, हा वेग दाखवते. ६० ला पेसने भागले की वेग मिळतो आणि वेगाने भागले की पेस मिळतो, एवढे मला ठाऊक होते. सावकाश धावण्यासाठी ठरवलेला माझा पेस ६:३० असल्यामुळे मी ६० भागिले ६.३० केले, उत्तर ९.५२ आले, आणि रोज ट्रेडमिल ९.५ वर लावू लागले. साडेसहा मिनिटे म्हणजे ६.५ मिनिटे, ६.३० नव्हे, आणि ६० भागिले ६.५ केल्यास ९.२३ येतात, हे आपण लिहून दाखवल्यावरही मला पटायला थोडा वेळ लागला. ९.५ च्या वेगाला पेस ६:१९ पडतो, म्हणजे ज्या दिवसांना मी हलके दिवस म्हणत होते, त्या दिवसांत प्रत्येक किलोमीटर ११ सेकंद लवकर संपत होता. जलद सरावात ५:४५ चा पेस हवा असताना मी ५.४५ ने भागून वेग ११ वर नेत होते, वास्तविक १०.४ पुरेसा होता. तेथे तर किलोमीटरमागे १८ सेकंदांचा फरक पडत होता. सराव हलका ठेवा असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि मी तो हलका ठेवते आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ही चूक नेहमी एकाच बाजूला झुकते, हे आपण दाखवले तेव्हा मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. सेकंद दशांशाच्या जागी लिहिले की आकडा खऱ्यापेक्षा लहानच होतो, भाजक लहान झाला की भागाकार मोठा येतो, आणि त्यामुळे ज्याच्या हातून ही चूक होते, तो दर वेळी ठरवल्यापेक्षा जलदच धावतो. त्यावर आपण सांगितलेला उपाय आपल्या लहानपणच्या पावकी, निमकी आणि पाऊणकीतून आलेला होता: पाव मिनिट म्हणजे १५ सेकंद आणि ०.२५, अर्धे म्हणजे ३० सेकंद आणि ०.५, पाऊण म्हणजे ४५ सेकंद आणि ०.७५. हे तीन टप्पे मनात पक्के असले, तर मधल्या आकड्यातील गफलत लगेच डोळ्यांत भरते. अपूर्णांकांचे ते पाढे शाळांतून गेले याचे मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटले.

नंतर आपण एका चिठ्ठीवर ८ पासून १२ पर्यंतचे वेग आणि त्यांचे पेस लिहून दिले. ८ वरून ९ वर गेले तर पेस ७:३० वरून ६:४० होतो, म्हणजे ५० सेकंद वाचतात. ११ वरून १२ वर गेले तर ५:२७ चा ५:०० होतो आणि वाचतात केवळ २७ सेकंद. ट्रेडमिलचे बटण तेवढेच दाबले तरी पेसमधील पायरी सारखी राहत नाही. व्यस्त प्रमाण मी शाळेत शिकले होते, पण ते पायांना समजले ते या चिठ्ठीमुळे.

घाटाचे गणित तर मी आयुष्यभर चुकीचेच मांडले असते. घाट ८ च्या वेगाने चढून त्याच वाटेने १२ च्या वेगाने उतरले, तर सरासरी १० येईल असे मी धरून चालले होते. आपण ७:३० आणि ५:०० या पेसची सरासरी काढायला सांगितली. ती आली ६:१५, म्हणजे वेग ९.६. अंतरे सारखी असतील तर सरासरी पेसची काढावी, वेगाची नव्हे, कारण चढाला वेळ जास्त लागतो आणि तो संथ वेग आपल्यासोबत अधिक काळ राहतो. २१ किलोमीटरांच्या धावेत या एका समजुतीने सव्वापाच मिनिटांचा फरक पडतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलालाही आपण त्याच बाकावर बसवून समजावले होते, ते मी ऐकत होते. १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत, म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी ८० सेकंदांत, सेकंदाला ५ मीटर, आणि त्याला १८ ने गुणून ५ ने भागले की तासाला १८ किलोमीटर. तो मुलगा पुढची फेरी ‘ऐंशी, ऐंशी’ असे पुटपुटत धावला.

आता माझ्या वहीत मिनिटे आणि सेकंद यांच्यामध्ये दोन टिंबे असतात, आणि सावकाश दिवसांसमोर ९.२ हा वेग लिहिलेला असतो. नडगी दुखायची थांबली आहे. आपल्या चिठ्ठीची एक प्रत मी व्यायामशाळेच्या चालकांना विचारून ट्रेडमिलशेजारील भिंतीवर लावली आहे. त्यावरचे अक्षर आपलेच ठेवले आहे.

आपली कृतज्ञ,
सकाळच्या मैदानावरील आपली एक विद्यार्थिनी