थ्रोट ४५६, नळी ४५१: नव्या रिव्हॉल्व्हरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहकसेवा आणि दर्जा विभाग

विषय: १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीची इटालियन प्रतिकृती, ४५ कोल्ट काडतुसाची. सिलेंडरचे थ्रोट नळीच्या मानाने फार मोठे असल्याबद्दल. (बिल आणि सिरियल नंबर सोबतच्या कागदावर.)

ताई, स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी फोनवर माझी फाइल शोधताना तुम्ही "एक मिनिट हां" म्हणालात आणि मी ओळखलं. मग पुढची दहा मिनिटं भोसरी-चिंचवडमध्येच गेली आणि तक्रार बाजूला राहिली. तुमच्या वेबसाइटवरचा इंग्रजी फॉर्म मी रीतसर भरला आहे, पण त्याच्या चौकोनात पाचशेच अक्षरं मावतात. म्हणून हे पत्र. वरच्या साहेबांना यातलं काय आणि कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा.

आधी चांगलं ते. मार्चमध्ये ह्यूस्टनच्या डीलरकडे खोका उघडला तेव्हा मी खूश होतो. फ्रेमवर केस हार्डनिंगचे (पोलादाचा वरचा थर कडक करण्याच्या प्रक्रियेचे) निळे-तपकिरी ढग सुरेख उतरलेत. मुठीचं अक्रोडाचं लाकूड धातूला इतकं नेटकं भिडलंय की नख अडकत नाही. घोडा मागे ओढताना चार टिकटिक स्वच्छ ऐकू येतात. साडेपाच इंची नळी हातात छान तोलते. म्हणजे तुमच्याकडे काम येणारी माणसं आहेत. राग त्याचाच जास्त येतो.

आता दोष. हे पत्र हिशेब खात्यातल्या कोणाच्या हाती पडलं तर त्यालाही कळावं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. रिव्हॉल्व्हरच्या सिलेंडरला सहा चेंबर असतात. काडतूस मागून आत जातं. चेंबर पुढच्या बाजूला अरुंद होतं आणि तिथून फक्त गोळी बाहेर पडते, त्या गळ्याला आम्ही थ्रोट म्हणतो. गोळी थ्रोटमधून सरळ निघून, मधली बारीक फट ओलांडून नळीत शिरते. त्यामुळे मापांची उतरंड ठरलेली: थ्रोट गोळीएवढा किंवा केसभर मोठा आणि गोळी नळीच्या आतल्या, तिला फिरकी देणाऱ्या खाचांपेक्षा केसभर मोठी. आजकाल बाजारात ४५ साठी ओतीव शिशाची गोळी मिळते ती ४५२ थाऊची, म्हणजे ११.४८ मिलिमीटर. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तुमच्या पिढीला मायक्रॉन कळतात. एक थाऊ म्हणजे सव्वापंचवीस मायक्रॉन धरा, थोडे वरच.)

ही तपासणी घरच्या टेबलावर होते. सिलेंडर काढायचा, ४५२ ची सुटी गोळी चेंबरमध्ये मागून टाकायची. माप बरोबर असेल तर ती थ्रोटपाशी थांबते आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने अंगठ्याचा हलका दाब दिला की पुढे सरकते. माझ्या सिलेंडरमधून ती थेट तळहातावर पडली. सहाही वेळा. पाच नंबरच्या चेंबरमधून तर कडांना लागल्याचा आवाजसुद्धा आला नाही, जणू विहिरीत खडा टाकला.

मी पुण्याच्या आयटीआयचा. आधी भोसरीला टूलरूममध्ये आणि नंतर इथे तेलविहिरींच्या पाइपांचे आटे कापण्यात मिळून एकतीस वर्षं गेली. गोळी हातावर पडली एवढ्यावर तक्रार करणाऱ्यांतला मी नाही. पिन गेज (नेमक्या मापाच्या गोल पिना) घेतले, सिलेंडर आणि गेज रात्रभर एकाच खोलीत ठेवले आणि सकाळी प्रत्येक थ्रोटमध्ये बिनजोर जाणारी सगळ्यात मोठी पिन लिहून घेतली. एक ते सहा: ४५६, ४५६, ४५७, ४५६, ४५८, ४५५. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, तेच आलं. मग नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून पार केला आणि मायक्रोमीटरने खाचांचं माप घेतलं: ४५१.

नळी अगदी बरोबर आहे, हे मुद्दाम सांगतो. सगळा घोळ सिलेंडरचा आहे.

आता हे चार-पाच थाऊ करतात काय? ४५२ ची गोळी ४५६ च्या गळ्यातून जाताना चारी बाजूंनी मोकळी असते. मागून येणारा तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो आणि जाता जाता शिसं वितळवून नेतो. गोळी जराशी तिरकी होऊन नळीच्या तोंडाशी आपटते. पंचवीस यार्डांवर, हात टेकवून, माझे पाच बार सात इंचांत पसरतात. तीस काडतुसांनंतर नळीत बघितलं तर खाचा दिसेनात. तांब्याची घासणी ब्रशला गुंडाळून तासभर घासलं तेव्हा आतून शिशाच्या पापुद्र्यांचे तुकडे निघाले, बर्फीवरच्या चांदीच्या वर्खासारखे. वर्तमानपत्रावर ते गोळा केले आहेत, फोटो जोडतो. बायकोने विचारलं हे काय, म्हटलं कंपनीची भेट.

तुमच्या तंत्रविभागाचं उत्तर एका ओळीचं आलं. सगळी मापं उत्पादनाच्या मर्यादेत आहेत आणि रचना मूळ शस्त्राबरहुकूम आहे. माझं खरं भांडण या ओळीशी आहे.

मूळ शस्त्राबरहुकूम म्हणता? मग मूळ शस्त्र काय होतं ते बघू. १८७३ च्या काडतुसात ४० ग्रेन (दारू-गोळीच्या वजनाचं एकक) काळी दारू आणि २५५ ग्रेनची मऊ शिशाची गोळी असायची. थ्रोट मोठे होते हे खरं, पण गोळीही ४५४ ची होती आणि नळीच्या खाचाही ४५४ च्या आसपास होत्या. शिवाय काळ्या दारूचा धक्का बसताच मऊ गोळी बुडाशी फुगायची आणि गळा भरून टाकायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ४५ च्या नळ्या ४५१-४५२ वर आल्या. तुम्ही नळी आजची घेतलीत आणि सिलेंडर मात्र पणजोबांचा ठेवलात. नळीची पत्रिका चांगली, सिलेंडरचीही चांगली असेल, पण छत्तीस गुण तपासणारं मधे कोणी बसलेलंच नाही. ड्रॉइंगवर प्रत्येक भाग आपापल्या मर्यादेत असेलही. मर्यादा ठरवतात त्या भाग एकमेकांत बसावेत म्हणून. एकेका भागाला "पास" म्हणून गोदामात ढकलता यावं म्हणून ठरवत नाहीत.

"गोळी फुगेल की" असं फोनवर तुमचे एक सहकारी म्हणाले. फुगणार नाही. गोळ्या ओतणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: शिशाचा ब्रिनेल कडकपणा गुणिले १४२२, तेवढ्या पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला गोळी फुगायला लागते. बाजारातली कडक गोळी सोळा ब्रिनेलची धरली तर दाब हवा बावीस हजारांच्या पुढे. ४५ कोल्टची अमेरिकन कमाल मर्यादाच १४,००० आहे आणि आमची हलकी काडतुसं त्याच्याही बरीच खाली असतात. शुद्ध शिसं पाचच्या आसपास, म्हणजे सात हजाराला फुगेल. म्हणजे गोळ्या मी घरी ओताव्यात, असंच ना?

तेही करून पाहिलं. ४५४ चा साचा मागवला, मऊ मिश्रण ओतलं. सात इंचांचे साडेतीन झाले, शिसंही कमी चिकटलं. पण माझ्या दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचे थ्रोट ४५२.५ चे आहेत, त्यात ही काडतुसं पुढे टेकून अडकतात. म्हणजे एकाच स्पर्धेत एकाच कॅलिबरच्या दोन बंदुकांसाठी दोन डबे सांभाळा. आमच्या काउबॉय स्पर्धा सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनी चालतात. त्यात गोळी शिशाचीच लागते, तांब्याचं वेष्टण असलेली चालत नाही, तेव्हा तीही पळवाट नाही. (काउबॉय पोशाख आणि टोपणनाव हेही लागतं. माझं टोपणनाव इथे लिहीत नाही.)

त्याच नियमांनी सहात पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या चेंबरवर टेकवायचा. एक भर, एक सोड, चार भर. मी पाच नंबरच्या चेंबरला मागून लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे आणि नेमकं तेच रिकामं राहील असं भरतो. नव्या वस्तूतला सर्वांत वाईट भाग निदान वापरायचा नाही, अशी व्यवस्था मला पहिल्या महिन्यात करावी लागली.

रीमरचं, म्हणजे भोक नेमक्या मापाला कापणाऱ्या हत्याराचं, अर्थशास्त्र मला कळतं. रीमर झिजला, धार लावली, की भोक लहान होत जातं. म्हणून नवा रीमर वरच्या मापाला घडवायचा, म्हणजे जास्त नग निघतात. आम्हीही केलंय. पण त्यातून फार तर सगळेच थ्रोट सारखे मोठे निघाले असते. एकाच सिलेंडरच्या सहा भोकांत तीन थाऊचा फरक झिजेतून येत नाही. मशीनचा फिरता स्पिंडल डगमगत होता की निरनिराळे रीमर लागले, ते मी तिथे नव्हतो म्हणून सांगत नाही. शेवटी गेज घालून कोणी बघितलं नाही, एवढं मात्र नक्की. दुसरं असं की चूक लहान बाजूला झाली असती तर मी पत्रच लिहिलं नसतं. इथला कोणीही बंदूक-कारागीर थोडक्या पैशांत लहान थ्रोट रीम करून देतो. टूलरूममध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, माल काढता येतो, चिकटवता येत नाही. ४५८ चं भोक ४५२ चं करायला माझ्याकडे काही नाही आणि तुमच्याकडेही नाही.

सरकारमान्य प्रूफ हाउसचा शिक्का आहे, असंही मला ऐकवलं गेलं. आहे, मी भिंगाखाली पाहिला. तो शिक्का सांगतो की जास्त दाबाला बंदूक फुटणार नाही. गोळी कुठे जाईल हे तो सांगत नाही. इटलीतल्या, बंदुका घडवणाऱ्या गार्दोने व्हाल त्रोम्पियाच्या खोऱ्यातून १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या गेल्याची नोंद आहे. तिथल्या माणसांना हा फरक मी समजावून सांगायची गरज नसावी.

मला हवंय ते असं. थ्रोट ४५२ ते ४५३ च्या आत आणि सहाही सारखे असलेला नवा सिलेंडर, तुमच्या कारागिराने माझ्याच फ्रेमवर बसवून. नुसता सिलेंडर टपालाने पाठवतो म्हणालात. कायद्याने फ्रेम म्हणजेच बंदूक, सिलेंडर हा सुटा भाग, त्यामुळे पाठवायला तुम्हाला सोपं आहे. पण घोडा ओढल्यावर चेंबर नळीसमोर नेमकं थांबायला हवं, आणि ते जुळवणं खोका उघडून होत नाही. दुरुस्तीसाठी बंदूक थेट तुमच्याकडे पाठवून थेट परत घेता येते, डीलर मधे लागत नाही, हेही मी विचारून ठेवलं आहे. जायचा-यायचा खर्च तुमचा. पाठवण्याआधी सहा थ्रोटची मापं कागदावर लिहून, मोजणाऱ्याच्या सहीने हवीत. तीस दिवसांत हे जमणार नसेल तर पूर्ण पैसे परत करा, मी बंदूक खोक्यासकट आणून देतो. साचा आणि शिशाचे पैसे मी मागत नाही, तो माझा हट्ट होता.

ताई, तुम्ही फोनवर नीट ऐकून घेतलंत, राग तुमच्यावर नाही. घरी चार वाजल्यानंतर असतो. शनिवारी सकाळी फोन करू नका, रेंजवर असतो, ऐकू येत नाही.

आपला,
ग्राहक, ह्यूस्टन

सोबत: बिलाची प्रत, पिन गेजच्या मापांचा तक्ता, निशाणाचे दोन कागद, शिशाच्या पापुद्र्यांचा फोटो, आणि कागदात गुंडाळलेली ४५२ ची एक सुटी गोळी. तुमच्या गोदामातला कुठलाही सिलेंडर काढा, मागून टाकून बघा, आणि ती कुठे थांबते ते मला कळवा.