वरच्या गावच्या जलसुरक्षक दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

"पाणी सुटलंय, मोटर बंद ठेवा." तुमचा फोन एवढाच असतो. त्या पाच शब्दांसाठी पंचगंगेच्या खालच्या अंगाच्या गावांतले आम्ही पाणीवाले हे जाहीर पत्र लिहितोय.

बंधाऱ्यामागे उन्हाळाभर तुंबलेलं पाणी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, निघाले की एकदम खाली येतं. काळं, फेसाळ, वास मारणारं. त्यात सांडपाणी, मळी आणि तळाचा ढवळलेला गाळ. प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीपर्यंत नदी एकच, पण जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) ज्या त्या गावाचं, आणि वर काय सोडलं ते खालच्याला कळायची सोय नाही. ते पाणी एकदा आत घेतलं की आवरत नाही. एरवी 1,000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल (जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) पुरते. या पाण्यातला अमोनिया आणि सेंद्रिय घाण तेवढा क्लोरीन गिळून टाकतात आणि शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीनही उरत नाही. क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचा पिवळा रंगसुद्धा फसवतो. थेंब टाकताच येतो तो मोकळा क्लोरीन; सावकाश चढतो तो अमोनियात अडकलेला, त्याची जंतू मारायची ताकद फार कमी. रंग दिसला म्हणून निर्धास्त राहिलं की घात होतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीच्या साथीनं माणसं गेली, ते या खोऱ्यात कुणी विसरलेलं नाही.

तुमचा फोन आला की आम्ही टाक्या आधीच भरून घेतो, मोटर बंद करतो आणि काळा लोंढा पुढे जाईस्तोवर पाणी एकवेळ सोडतो. मग जार टेस्ट लावून, म्हणजे भांड्यांत थोड्या पाण्यावर वेगवेगळी तुरटी टाकून बघून, तुरटीची मात्रा ठरवायची, गाळ बसू द्यायचा, आणि टीसीएल त्यानंतर. गढूळ पाण्यात आधीच पावडर टाकली तर गाळाच्या कणाआड जंतू जगतात आणि पावडर वाया जाते.

याआधी ज्यांचं हे कळवायचं काम होतं त्यांना आम्ही अर्ज दिले, नमुने दिले. अहवाल यायचा तोवर ते पाणी लोकांच्या पोटात गेलेलं असायचं. दोष कुणाचा यावर बैठका झाल्या, पण बरगे कधी काढणार हे कुणी कळवलं नाही. तुमच्यावर तर कसलंच बंधन नव्हतं. उलट तुमच्याच गावचा नाला नदीत मिळतो, म्हणजे फोन करणं ही एक प्रकारे कबुलीच, आणि ती तुम्ही लपवली नाही. पगार तुटपुंजा, तरी पहाटे पंपावर उभी राहणारी अशी माणसं आहेत म्हणून गावं पाणी पितात.

पावडरीचंही तुम्हीच ध्यानात आणून दिलंत. ताज्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पंपघरात ओलीला उघडं पडलेलं पोतं 20 टक्क्यांवर येतं. मग लाख लिटरच्या टाकीला 500 ग्रॅमचे 825 ग्रॅम लागतात, आणि जुन्याच मापानं टाकणाऱ्याला वाटतं काम झालं. आता आम्ही सगळे पावडर झाकणबंद प्लॅस्टिकच्या पिंपात ठेवतो, बादलीत कालवून निवळी तेवढी टाकीत सोडतो.

दादा, खालच्या सगळ्या पंपांचे नंबर एका कागदावर लिहून तुमच्याकडे पाठवलेत. बरगे निघताना पहिला फोन शेवटच्या गावाला लागला नाही, तर त्याच्या वरच्याला लावा. तो पुढे सांगेल, तसं आमचं ठरलंय.

आपले,
खालच्या गावांचे जलसुरक्षक