नाना हयात असल्याचा दाखला देणाऱ्या पोस्टमनदादांना

पोस्टमनदादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. कुणाचं चारचौघांत कौतुक झालं की त्याच्याच मागे चौकशी लागते, अशी आपली रीत आहे.

नाना, माझे वडील, फेब्रुवारीत गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. भेटायला येणारे म्हणतात, ‘भरपूर जगले, आयुष्याचं सोनं झालं.’ खरंच आहे. १९३२ साली राजापूर तालुक्यात जन्म, १९५४ साली ठाण्यात येऊन शाळेत लागले आणि १९९० साली निवृत्त झाले. छत्तीस वर्षं नोकरी आणि चौतीस वर्षं पेन्शन. ‘सरकारला मी जरा महागच पडलो,’ असं स्वतःच म्हणायचे.

गणित हा त्यांचा विषय. पावकी, निमकी, औटकी शेवटपर्यंत तोंडपाठ. १ एप्रिल १९५७ला नये पैसे आले तेव्हा ते नवखे मास्तर होते, आणि रुपयाचे सोळा आणे घोकलेल्या मुलांना आता शंभर पैसे शिकवायचे होते. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, इथवर ठीक. पण एका आण्याचे सव्वासहा होतात आणि पाव पैशाचं नाणंच नाही! मग वाण्याने सहा घ्यायचे की सात? नानांनी म्हणे वर्गात लुटुपुटुचा बाजार मांडला आणि अर्ध्या मुलांना वाणी, अर्ध्यांना गिऱ्हाईक करून तासभर भांडू दिलं. हेडमास्तर धावत आले. हा किस्सा आमच्या घरी आलेल्या प्रत्येक माणसाने ऐकलाय. तुम्ही सुटलात, कारण तुम्ही घाईत होतात.

मुलांच्या वहीत ते चुकीवर कधी फुली मारत नसत. गोल करायचे आणि शेजारी बरोबर लिहायचे. निवृत्तीनंतर पाय चालले तोवर रोज मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचे, तिथल्या पुस्तकांतल्या छपाईच्या चुकांनाही पेन्सिलीने गोल करायचे. ग्रंथपालांनी एकदा हात जोडले, तेव्हा थांबले.

मग कान गेले. यंत्र लावलं, ते शिट्टी वाजवायचं, म्हणून काढून ठेवलं. टीपॉयवर एक वही आली. बोलायचं ते त्यात लिहायचं.

दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो, हे पेन्शनरांच्या घरात दिवाळीइतकंच पक्कं असतं. ज्या बँकेत नानांचं पेन्शन यायचं, तिथल्या काउंटरवरच्या माणसाने शेवटच्या वेळी नानांकडे एकदाही पाहिलं नाही. मला विचारलं, ‘हे सही करू शकतात का? ह्यांना समजतं का?’ समोर खुर्चीत, इस्त्रीचा सदरा घालून बसलेल्या माणसाबद्दल! बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात, तर म्हणाला, ‘पुढच्या आठवड्यात परत घेऊन या.’ रिक्षात नाना काहीच बोलले नाहीत. ऐकू आलं नव्हतं, पण कळलं सगळं होतं.

गेल्या नोव्हेंबरात पोस्टाची घरपोच सोय आहे असं शेजारच्यांनी सांगितलं आणि तुम्ही आलात. मी सवयीने म्हटलं, ‘त्यांना ऐकू येत नाही, काय ते मला विचारा.’ तुम्ही मान डोलावलीत, वही जवळ ओढलीत आणि लिहिलंत, ‘नमस्कार सर. मी पोस्टातून आलोय. तुमचं बोट मशीनवर ठेऊ का?’

नानांनी चष्मा चढवला. वाचलं. खिशातलं पेन काढलं आणि ‘ठेऊ’भोवती गोल केला. शेजारी लिहिलं, ‘ठेवू’.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एखादा हसून सोडून देता, एखादा वैतागता. तुम्ही वही परत घेतलीत, अख्खं वाक्य पुन्हा लिहिलंत, ‘ठेवू’ नीट घालून, आणि त्यांच्यापुढे धरलंत. नानांनी खाली दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कुठे गेला, हेही तुम्ही लिहूनच विचारलंत. ‘अक्षर!’ नाना मोठ्याने म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचा तो वर्गातला आवाज घरात ऐकला.

पुढे कोमट पाणी, बोटं पुसणं, हे बोट नाही तर ते बोट, बराच वेळ गेला. सत्तर रुपये घेतलेत, शंभराच्या नोटेचे वरचे परत केलेत. दाखला झाला.

दादा, दाखला कुठूनही मिळाला असता. पण तुम्ही नानांना विचारलंत. म्हातारं माणूस दिसलं की लोक त्याच्या डोक्यावरून बोलतात, दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा. तुमच्यासारखी माणसं ठाण्यात आणखीही आहेत, नाही असं नाही. नाना पुरते चढेपर्यंत घंटी न देणारा टीएमटी बसचा कंडक्टर मी पाहिलाय. मागचे प्रवासी ओरडत होते, तो ढिम्म. अशांना कुणी शिकवलेलं नसतं आणि त्यांना कुणी बक्षीसही देत नाही. काउंटरवरच्या त्या माणसाने बहुधा ग्राहकसेवेचं प्रशिक्षण घेतलं असेल.

तुम्ही गेल्यावर नाना आईला म्हणाले, ‘पोरगा चांगला आहे. सांगितलेलं ऐकतो.’ तो शेरा तुमच्यापर्यंत पोचवायचा राहिला होता, म्हणून हे पत्र.

आता पेन्शन आईच्या नावावर होतंय, म्हणजे या नोव्हेंबरात दाखला तिचा. कान शाबूत आहेत, वही लागणार नाही. ‘बँकेत मी जायची नाही, त्या मुलालाच बोलाव,’ असं तिने बजावलंय. सकाळी या. ती घावणे करणार आहे, आणि तिला नाही म्हणायची सोय नाही.

तुमची,
सरांची थोरली मुलगी
ठाणे